लावलेले पैसे आणि गाडीची किंमत: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा, तुमची कमेंट नीट वाचली. खाली चार ओळीत उत्तर देऊन मोकळं होणं बरोबर वाटलं नाही म्हणून वेगळंच लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की पद्मिनी, अँबॅसिडर असल्या गाड्या पूर्ण खोलून नव्यासारख्या करायच्या मागं लागू नका, जेवढं मूळ शिल्लक आहे ते राखा आणि गाडी चालती ठेवा, कारण घातलेला पैसा विकताना परत येत नाही. त्यावर दादांचं म्हणणं असं की त्यांनी वडिलांची १९७८ ची पद्मिनी पार नटबोल्टापर्यंत खोलून करून घेतली, साडेसहा लाख गेले, आता विकायला काढली तर अडीचच्या वर कोण बोलायला तयार नाही, आणि याला माझ्यासारखे लिहिणारे जबाबदार आहेत कारण आम्हीच असलं लिहून भाव पाडतो. शिवाय 'चालती ठेवा' म्हणजे अर्धवट काम करा असं मी पोरांना शिकवतोय. आणि शेवटी विचारलंय, ज्या मिस्त्रीनं कित्येक महिने घाम गाळला त्याच्या कामाला काय किंमत नाही का?

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करतो कारण तोच मला सगळ्यात जास्त लागला. आपण कोल्हापूरची माणसं, उद्यमनगरच्या लेथचा आवाज ऐकत मोठी झालेली, आपल्याला कारागिराच्या हाताची किंमत कोणी सांगायची गरज नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला. आजही एखादा बुश (दांड्याभोवती बसणारी धातूची नळी) कुठल्या दुकानात मिळत नसेल तर जुना तुकडा घेऊन उद्यमनगरात जायचं, गनमेटलचा नवीन टर्न करून मिळतो, सिलिंडरला स्लीव्ह घालून मिळते, क्रँक ग्राइंड करून मिळतो, आणि तुकडा अगदीच फुटलेला असेल तर लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुना, करून फाउंड्रीतनं ओतूनसुद्धा घेता येतो. पुण्या-मुंबईचे गाडीवेडे लोक ज्यासाठी आठ दिवस फोन फिरवत बसतात ते आपल्याकडं एका गल्लीत होतं. मिस्त्रीच्या कामाला किंमत आहेच दादा, आणि तुम्ही ती दिलीत. पण ती गाडीच्या भावात जशीच्या तशी उतरेल असं धरून चालणं, तिथं गणित बिघडतंय.

विहीर खणताना मजुरी फुटावर ठरते, पाणी किती लागलं त्यावर नाही. तसंच हे आहे. तुमच्या बिलात निम्म्याच्या आसपास नुसतं पत्रा आणि पेंट आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि ते अगदी पटण्यासारखं आहे. दाराखालचा सिल सडलेला असतो, तो कापायचा, नवीन पत्रा हातानं वळवून टॅक मारायचा, दार लावून फट बघायची, नाही जमली की परत काढायचं, मग पक्कं वेल्डिंग, ग्राइंडिंग, लांबी (पुट्टी), घासणं, प्रायमर, परत घासणं. आता हेच काम पद्मिनीच्या जागी एखाद्या संस्थानिकाच्या परदेशी गाडीचं असतं तर पत्र्याला तास जवळपास तेवढेच लागले असते. हातोडी मारणाऱ्याचा दिवस तोच, रंगाचा लिटर तोच, क्रोमचा बंपर आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असाच टाकीत बुडवावा लागतो, गाडी कुठली का असेना. उद्यमनगरात पॅटर्न करून ओतलेला एक तुकडासुद्धा महाग पडतो कारण पॅटर्नचा सगळा खर्च त्या एकट्या तुकड्यावर बसतो, शंभर ओतले असते तर वाटून गेला असता. म्हणजे खर्च ठरतो तासांवर आणि नगांवर. भाव मात्र ठरतो तसली गाडी किती शिल्लक आहे, किती जणांना ती पाहिजे, कागदपत्रं कशी आहेत आणि कारखान्यातनं जशी बाहेर पडली त्यातलं किती तिच्यात अजून आहे यावर. ह्या दोन गोष्टी एकमेकांना विचारून ठरत नाहीत. म्हणून स्वस्त गाडीला पूर्ण रिस्टोरेशन नेहमीच महाग पडतं, यात तुमची चूक नाही आणि मिस्त्रीचीही नाही.

पद्मिनीचंच बघा. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातनं निघायला लागली, १९७४ ला पद्मिनी नाव पडलं, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत निघत राहिली. इतकी वर्षं देशातल्या मोजक्या दोन-तीन मोटारींपैकी ती एक होती, त्यामुळं गावोगाव आहे. अँबॅसिडर तर उत्तरपाड्यातनं २०१४ पर्यंत निघत होती. ज्याला पद्मिनी पाहिजे तो तुमच्या गाडीवरच अडून बसत नाही, त्याला दुसरी सापडते, अजून तरी सापडते. डुक्कर फियाट म्हणतात ती पन्नासच्या दशकातली, पुढची दारं उलटी उघडणारी, ती घेऊन बसा, बोलणी वेगळ्याच आकड्यापासून सुरू होतात, आणि पत्र्याचं काम मात्र तुमच्याएवढंच!

आता दुसरं टोक सांगतो. २०१५ ला पॅरिसमध्ये बायों नावाच्या घराण्याचा संग्रह लिलावात निघाला, पश्चिम फ्रान्समधल्या शेतातल्या शेडमध्ये कित्येक दशकं पडून राहिलेल्या गाड्या. त्यातली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडली होती. कोणी धुतलीसुद्धा नाही, धुळीसकट तशीच लिलावात ठेवली, आणि ती १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. रिस्टोरेशनचा खर्च शून्य. घेणाऱ्यानं त्या धुळीसकट पैसे मोजले कारण कोणाचा हात लागलेला नव्हता, काय मूळ आहे आणि काय बदललंय याचा संशयच नव्हता. रंग परत कधीही मारता येतो पण मूळचा रंग एकदाच असतो.

आणि आपल्याकडं दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार येते तेव्हा बघा, लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे माना उंचावून बघतात. तिच्या दुरुस्तीवर आजपर्यंत किती खर्च झाला हे कोणी विचारतंय का? शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या काळात आलेली, आजही त्याच घराण्यात, आजही त्याच मानानं बाहेर पडणारी गाडी आहे ती. तिची किंमत या इतिहासात आहे, गॅरेजच्या बिलात नाही.

तुमच्या गाडीबद्दल स्पष्ट बोलू का, राग मानू नका. फोटो बघितले, काम एक नंबर झालंय, फटी सरळ, रंगाला लाट नाही. पण गिअर स्टिअरिंगवरनं काढून खाली फ्लोअरला घेतलाय, रंग मेटॅलिक मारलाय, अलॉय लावलेत, डॅशबोर्डही बदललाय. रोज चालवायला हे सोयीचं असेल, गाडी तुमची आहे, तुमच्या हौसेला कोणी नाव ठेवू नये. मात्र जुन्या गाडीचा जो खरा गिऱ्हाईक आहे, जो चार पैसे जास्त द्यायला तयार असतो, तो पहिल्यांदा हेच बघतो. हे सगळं परत मूळ करायला आपल्याला किती पडेल याचा तो मनात हिशोब करतो आणि तेवढे तुमच्या भावातनं वजा करतो. म्हणजे ज्या कामाला तुम्ही पैसे घातले त्याच कामाचे पैसे तो कापून घेतो. अडीच लाखाचा आकडा मला वाटतं इथनं आलाय, माझ्या लेखातनं नव्हे.

यात नियमाचा पण भाग आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला २० हजार रुपये, १० वर्षांनी परत नोंदणीला ५ हजार, नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसिस, बॉडी शेल, इंजिनात मोठे फेरफार नकोत. आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तुमची १९७८ ची म्हणजे २०२८ ला बसेल. तेव्हा ती या नोंदणीत न्यायची आहे की साध्या नोंदणीवर पन्हाळा-जोतिबा करत चालवायची आहे हे आत्ताच ठरवा, कारण दोन्हीकडं एकाच गाडीनं जाता येत नाही.

आता 'अर्धवट काम' या आरोपाकडं येतो. चालती ठेवणं म्हणजे काय याची तुमची कल्पना आणि माझी कल्पना वेगळी आहे दादा. माझ्या लेखी पहिले पैसे ब्रेकला जातात. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम आहेत, व्हील सिलिंडरचे रबर कडक झालेले असतात, पाइप आतनं गंजलेले असतात, आणि गाडी चकाचक करून घाटात घेऊन जाणारे लोक मी बघितलेत ज्यांनी ब्रेकचे पाइप उघडूनसुद्धा बघितले नव्हते! त्यानंतर पेट्रोलची लाइन. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, जुन्या काळचे रबर होस आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) त्याच्यासाठी बनलेलेच नव्हते, ते फुगतात, तडकतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं त्यामुळं महिनोन्महिने उभी असलेल्या गाडीची टाकी आतनं गंजायला लागते. दोन-चार हजाराचं काम आहे पण ते चुकलं तर इंजिनवर पेट्रोल गळून गाडी पेट घेईल. अँबॅसिडरवाल्यांनी बिडाच्या हेडचे व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती जागा) पण बघून घ्या, २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आहे आणि शिशाचा जो आधार त्या सीटला मिळायचा तो तेव्हाच गेला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी आपल्या गावाला जास्तच लागू आहे, ती म्हणजे पूर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी जिथं जिथं शिरलं तिथं किती गाड्या दिवसेंदिवस बुडून होत्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पद्मिनी, अँबॅसिडर या मोनोकॉक गाड्या, खाली वेगळी चॅसिस नाही, फ्लोअर आणि सिल हीच गाडीची हाडं. पुराचा गाळ त्या पोकळ सिलमध्ये जाऊन बसतो, वरनं गाडी धुतली की छान दिसते, आतला गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतनं बाहेर खात येतो. वर लांबी भरून रंग मारला की दोन वर्षं काय कळत नाही. म्हणून मी म्हणतो रंगाआधी सिल उघडा, गाळ काढा, आतनं गंजरोधक मारा, पाणी जायची भोकं मोकळी करा. यात दिसण्यासारखं काय नसतं, फोटो टाकायला काय नसतं, पण गाडी याच्यावर उभी असते. याला तुम्ही अर्धवट म्हणत असाल तर मला मान्य नाही.

भाव पाडण्याबद्दल एवढंच सांगतो, माझ्या ब्लॉगनं पद्मिनीचा भाव पडेल एवढे वाचक मला नाहीत. उलट पुढं भाव वाढायची शक्यता आहे असंच मला वाटतं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या, आणि इतकी वर्षं सुटे भाग ज्या गिऱ्हाइकासाठी बनत होते तो मोठा गिऱ्हाईकच गेला. भाग दुर्मिळ होणार, गाड्या भंगारात जाणार, आणि मूळ रूपातली, पेपर सरळ असलेली जी राहील तिला माणसं शोधत येतील. कधी आणि किती ते मी सांगणार नाही, त्या भरवशावर कोणी कर्ज काढून गाडी करू नये हे मात्र ठामपणे सांगतो, खास करून पंचविशीतल्या पोरांना.

तुम्ही आत्ता काय करावं? पैशाची नड नसेल तर विकू नका. वडिलांची गाडी अडीच लाखाला देऊन तुम्हाला जे दुःख होईल ते साडेसहा लाख गेल्याच्या दुःखापेक्षा मोठं असेल असं तुमच्याच कमेंटमधनं मला दिसतंय, कारण सगळी कमेंट पैशाची आणि मध्येच एक वाक्य 'आमचे तात्या याच गाडीतनं आईला दवाखान्यातनं घरी घेऊन आले होते, तेव्हा माझा जन्म झाला होता'. नड असेल तर ती गोष्ट वेगळी, मग अडीचच्या पुढं जे येईल त्याला द्या आणि मनाला लावून घेऊ नका.

ठेवणार असाल तर विमा नीट करा. ५ वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि मालक यांच्यात ठरवून घेता येते, नुसतं एजंट म्हणेल तो आकडा घेऊ नका, सगळी बिलं, कामाचे फोटो, मूल्यांकनाचा कागद घेऊन बसा. बाजार तुमचे साडेसहा लाख मानत नसला तरी उद्या काय नुकसान झालं तर हा कागद तुमच्या बाजूनं बोलेल. तात्यांच्या नावावरनं गाडी तुमच्या नावावर झालीय का ते पण कळवा, वारसाचे पेपर राहिले असतील तर ते आधी, बाकी सगळं नंतर.

आणि एक काम मात्र उद्याच करा. मिस्त्रीनं काढलेला स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा, त्याच्या खालच्या लिंका, जुना डॅशबोर्ड, मूळची चाकं आणि व्हील कॅप अजून त्यांच्याकडं कोपऱ्यात पडलेलं असेल तर टेम्पो करून सगळं घरी घेऊन या. भंगारवाल्याच्या हाती लागलं तर किलोवर जाईल, आणि २०२८ ला तेच शोधत तुम्हाला गावोगाव फिरावं लागेल.