‘मोडणाऱ्यांना काही झालं नाही’ हा हिशेब चुकीच्या वहीत मांडलाय

दरवर्षी २२ मार्च, म्हणजे जनता कर्फ्यूचा दिवस जवळ आला, की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन गटांवर आला: माजी विद्यार्थ्यांच्या, भावकीच्या आणि सांगलीतल्या माझ्या माहेरच्या गल्लीच्या. मजकूर थोडक्यात असा. कोरोनातले निर्बंध म्हणजे लोकांना घाबरवायचा खेळ होता. शंभरातले अठ्ठ्याण्णव बरे होत होते. नियम पाळणारेही गेले आणि बिनधास्त फिरणारे आज ठणठणीत आहेत. सगळं बंद करूनही लाट यायची ती आलीच. मास्कचा काही उपयोग नव्हता. निवडणुकांना आणि पुढाऱ्यांना कोरोना होत नव्हता, तो फक्त दुकानदाराला होत होता. घाबरून घरात बसले ते मूर्ख ठरले. शेवटची ओळ: ‘पुन्हा असं काही आलं तर कुणीही ऐकू नका.’

मी विट्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या दोन वर्षांत माझी ड्युटी कधी घरोघरच्या सर्वेक्षणाला होती, कधी रस्त्यावरच्या नाक्यावर, तर कधी आमच्याच शाळेत उघडलेल्या विलगीकरण कक्षात. मी डॉक्टर नाही. पण वही-पेन घेऊन ज्या दारांत उभी राहिले, त्या दारांतली माणसं या मेसेजात कुठेच सापडत नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘शंभरातले अठ्ठ्याण्णव बरे होत होते.’ हा आकडा तपासणीत बाधित निघालेल्यांचा आहे. लक्षणं नसलेले, तपासणीच न झालेले कितीतरी होते. त्यांना धरलं तर मृत्यूचं प्रमाण दोन टक्क्यांहून बरंच खाली येतं. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला हवं त्याहून कमी प्रमाण मी आधीच मान्य करते. अर्धाच टक्का धरू. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार होती. सगळ्यांना लागण झाली असती तर अर्धा टक्का म्हणजे १४ हजार माणसं, एका जिल्ह्यात. आमच्यासारखी सात गावं अख्खी रिकामी.

शिवाय हे प्रमाण काही दगडावर कोरलेलं नव्हतं. ऑक्सिजन मिळाला तर जगणारा माणूस तो न मिळाल्यास जातो. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तिथे कर्नाटकातून, कोकणातून लोक उपचाराला येतात. तरीही एप्रिल-मे २०२१ मध्ये एका खाटेसाठी नातेवाईक रात्र रात्र फोन फिरवत होते. जून २०२१ मध्ये सरकारने जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तेव्हा दोनच गोष्टी पाहिल्या: तपासलेल्यांपैकी किती टक्के बाधित निघतात आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्यात. बाधितांचं प्रमाण २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांहून जास्त भरलेल्या, की पाचवा स्तर. आजारी पडणारे सगळे एकाच पंधरवड्यात दवाखान्याच्या दारात येऊ नयेत, हा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणेच १ लाख ४८ हजारांहून जास्त माणसं गेली. ‘अठ्ठ्याण्णव टक्के’ म्हणताना उरलेल्या दोनांत कोण होतं, हे निदान आपल्या गल्लीपुरतं तरी आठवावं.

आता तो मुद्दा, ज्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं. ‘पाळणारेही गेले, मोडणारे ठणठणीत.’

आमच्याकडे ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात. पेटवणारा सुखरूप घरी येतो. वारा सुटला तर जळतो तो शेजारच्याचा उभा ऊस. ‘मी पेटवलं, मला काही झालं नाही’ असं त्या शेजाऱ्याच्या तोंडावर कुणी सांगून बघावं. संसर्गाच्या आजारात नियम मोडणाऱ्याची तब्येत हा पुरावाच होत नाही. त्याने मोडलेल्या नियमाची किंमत दुसऱ्याच घरात वसूल होते, आणि बहुतेक वेळा ते घर त्याच्या ओळखीचंही नसतं.

हे कसं होतं ते आपल्याच जिल्ह्याने अगदी सुरुवातीला पाहिलं. इस्लामपुरात, म्हणजे आजच्या ईश्वरपुरात, मार्च २०२० मध्ये सौदीहून परतलेल्या एकाच कुटुंबातले चौघे बाधित निघाले. आठवडाभरात आकडा पंचविशीला पोचला. त्यातले बहुतेक त्याच कुटुंबातले, नात्यातले, निकटच्या संपर्कातले. मग प्रशासनाने तो भाग बंद केला, संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली, घराघरांत जाऊन चौकशी केली. साखळी तिथेच थांबली आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक बरे होऊन घरी आले. त्या कुटुंबाबद्दल, त्यांच्या धर्माबद्दल तेव्हा जे बोललं गेलं, त्याची मला आजही लाज वाटते. आजारी पडणं हा गुन्हा नव्हता. पण चारांचे पंचवीस किती दिवसांत होतात आणि पंचविसांचे अडीचशे होण्याआधी ते कसं थांबवता येतं, या दोन्ही गोष्टी तिथे डोळ्यांसमोर घडल्या.

दुसरी आठवण लग्नाची. एप्रिल २०२१ च्या आदेशात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा होती, मोडली तर ५० हजार दंड. आमच्या भागात त्या मे महिन्यात एक लग्न झालं. कागदावर २५ होते. जेवायला किती होते ते पत्रावळ्या उचलणाऱ्यांना माहीत. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील, सगळे आज बरे आहेत आणि बरेच राहोत. भांडी घासायला आलेल्या मावशी बाराव्या दिवशी मिरजेला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. त्यांना लागण त्याच मांडवात झाली, हे मी सिद्ध करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही, आणि म्हणूनच मांडव घालणारा आज म्हणू शकतो, की आम्हाला काही झालं नाही. मावशींना तीनशे रुपये हजेरी ठरली होती. त्यांनी नियम पाळला की मोडला? मेसेजच्या हिशेबात त्या कुठल्या रकान्यात बसतात?

पण नियम मोडणारे सगळे मी एका मापाने मोजत नाही. नाक्यावर उभं राहिल्यावर माणसं दोन प्रकारची दिसायची. एक, ज्यांना घरी बसणं परवडतच नव्हतं. दुसऱ्याच्या रानात भांगलायला निघालेल्या बाया, डोक्यावर पाटी घेऊन आडवाटेने भाजी विकायला जाणारी आजी, द्राक्षाच्या बागेत ऐन तोडणीत अडकलेला तासगावकडचा बागायतदार, ज्याच्याकडे मार्च २०२० मध्ये व्यापारीच फिरकला नाही आणि ज्याला माल बेदाण्याला टाकावा लागला. आणि दुसरे, ज्यांना घरी बसणं परवडत होतं, पण ‘आपल्याला कोण अडवणार’ हे दाखवायचं होतं. काठ्या बऱ्याचदा पहिल्यांवर पडल्या. गाडीची काच खाली करून एखादं नाव सांगणारे दुसरे पुढे गेले. माझा राग या दुसऱ्यांवर आहे, आणि मेसेज पहिल्यांची ढाल पुढे करून त्यांनाच वाचवतो.

‘बंद करूनही लाट आलीच.’ माझं माहेर सांगलीच्या गावभागात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका, हे तिथल्या पोराला पाढ्यांसारखं पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. जी घरं आधी हलली, त्यांचं सामान बुडालं पण माणसं वाचली. ‘पाणी इथवर येत नाही’ म्हणून बसून राहिले त्यांना नंतर बोटीतून काढावं लागलं, आणि ती बोट तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. पूर आलाच, म्हणून आधी हलणं वाया गेलं असं सांगलीत कुणी म्हणत नाही. निर्बंधांनी लाट येणं थांबणार नव्हतं. ती किती उंच येते आणि कधी येते, एवढंच आपल्या हातात होतं. आणि ‘कधी’लाही मोल होतं. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, ४५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी १ एप्रिलला. ज्याला २०२० मध्ये लागण होऊ शकली असती, पण तोवर झाली नाही, त्याला लस गाठता आली. हे वाचलेले लोक दिसत नाहीत, कारण ते नेहमीसारखेच आपल्यात वावरतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने बहुतेक जिल्हे मोकळे केले तेव्हा सांगली, सातारा, कोल्हापूरसह ११ जिल्हे मागे ठेवले. इथले व्यापारी चिडले, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. मुंबईपेक्षा इथली लाट उशिरा उतरत होती हेही खरं होतं, आणि आधीच्या चार महिन्यांत त्यांची दुकानं पिचली होती हेही.

मास्कबद्दल थोडक्यात. बांगलादेशात सुमारे ६०० गावांमध्ये याचा मोठा प्रयोग झाला. ज्या गावांत सर्जिकल मास्क वाटून लोकांना वापरायला लावले, तिथे लक्षणांसह झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी घटली आणि साठीच्या पुढच्यांमध्ये सुमारे ३५ टक्क्यांनी. तेही मास्क वापरणारे लोक निम्म्याहून कमीच असताना. मास्क म्हणजे कवचकुंडलं नव्हती. हनुवटीवर अडकवलेला मास्क तर नव्हताच नव्हता. पण ‘काही उपयोग नव्हता’ हे खोटं आहे, आणि घरात म्हातारं माणूस असलेल्यांसाठी धोक्याचं आहे.

निवडणुका आणि पुढारी. इथे मेसेजाची तक्रार खरी आहे आणि मी ती त्याच्याहून मोठ्याने करेन. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री राज्यात कडक निर्बंध लागले आणि १७ तारखेला शेजारच्या पंढरपुरात पोटनिवडणुकीचं मतदान झालं. जूनच्या २९ तारखेला कृष्णा कारखान्याच्या निवडणुकीसाठी सातारा-सांगलीतले हजारो सभासद रांगांत उभे होते. त्याच्या आदल्या वर्षी, देश कडीकुलपात असताना, एका बड्या उद्योगपती घराण्यातली २३ माणसं गृहखात्यातल्या अधिकाऱ्याच्या पत्रावर महाबळेश्वरला पोचली, तेही गाड्यांचा ताफा घेऊन. पुढच्या वर्षी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उदयनराजे भोसले यांनी निर्बंधांविरोधात थाळी घेऊन भीक मांगो आंदोलन केलं, तेव्हा तिथल्या लहान दुकानदारांना ते आपलं वाटलं असेल तर नवल नाही. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. नोंदणी असलेल्या फेरीवाल्याला आणि परवानाधारक रिक्षावाल्याला १,५०० रुपये. महिनाभराच्या बंदसाठी दीड हजार. ज्याची नोंदणीच नव्हती त्या पाटीवाल्या आजीला तेही नाही.

आणि माझ्या स्वतःच्या क्षेत्रातलं सांगते. राज्यात हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला उघडले. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडलं. वीस महिने! मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेली पोरं थेट तिसरीच्या बाकावर येऊन बसली आणि त्यातल्या निम्म्यांना जोडाक्षर वाचता येत नव्हतं. ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाच्या खिशात, तिथे ऑनलाइन शाळा कुठून पोचणार? हा निर्णय चुकला असं मी तेव्हाही बैठकीत बोलले होते आणि आजही तेच म्हणते. निर्बंधांवर टीका करायची तर इथे करा, इथे पुरावाही आहे आणि मी सोबत आहे. मेसेज मात्र या अन्यायावरून भलतीकडेच उडी मारतो. नियम सगळ्यांना सारखा लावला नाही, यावरून नियम लावणाऱ्यांचा दोष सिद्ध होतो. आजार खोटा होता, हे त्यावरून कसं ठरतं?

मेसेजात नसलेली एक गोष्ट मलाच जोडायची आहे, कारण निर्बंधांच्या बाजूने असलेले आम्हीही चुकलो. आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली. २०२० च्या मे महिन्यात ती परतायला लागली, तेव्हा काही गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. त्याच सुमाराला पाटण-जावळीकडे मुंबईतले माथाडी परतत होते, तिथेही तीच कथा. चौदा दिवस वेगळं राहा, हे सांगणं योग्य होतं. ज्यांच्या मनीऑर्डरीवर देवळाचा कळस चढला, त्यांना ‘गावात पाय ठेवू नका’ म्हणणं हा निर्बंध नव्हे, निव्वळ भीती होती. शाळेत राहिलेल्या एका बाईंनी मला खिडकीतून विचारलं होतं, “बाई, आमच्या घरून डबा आला, पण दारात ठेवून पळाली पोरं. आम्ही एवढे वाईट का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहिली शेवटची ओळ, आणि तो ‘मूर्ख’ हा शब्द.

आमच्या गावात एक सलून आहे. मार्चच्या अखेरीस त्या दादांनी शटर ओढलं ते राज्यात परवानगी मिळाली तेव्हाच, २८ जून २०२० ला उघडलं. तीन महिने. त्यांची आई दम्याची. मधल्या काळात गावातल्या दोन-तीन जणांनी ‘मागच्या दाराने कर की, कोण बघतंय’ म्हणून आग्रह केला, दुप्पट पैसे देऊ केले. त्यांनी कुणाचे केस कापले नाहीत. बायको रोजगाराला जात होती, त्यावर घर चाललं. दुकान उघडलं त्या दिवशी बाहेर पाटी होती, ‘टॉवेल घरून आणावा’. लोक हसले आणि टॉवेल घेऊन गेले.

माजी विद्यार्थ्यांच्या त्या गटात तेही आहेत, माझ्या पहिल्या तुकडीतले. मेसेज त्यांनाही आला. खाली त्यांचं उत्तर काही नाही. दादा, हे तुमच्यासाठी लिहिलंय. गटावरही टाकतेय.