'सुटलीस' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

मी इंग्रजी शिकवते त्या हाग्वनमधून आज चौथीतल्या एका दंगेखोर मुलाचं नाव कमी केलं. (हाग्वन म्हणजे इथले खासगी क्लास. कोरियात शाळेपेक्षा त्यांचाच धाक जास्त.) मी इथल्या मराठी ग्रुपवर सहज लिहिलं, तर लगेच अंगठे, हसरे चेहरे आणि "सुटलीस बाई एकदाची!" एका काकांनी तर "आमच्या गावच्या गुरुजींकडे पाठव, दोन दिवसांत सरळ करतील" असंही ठोकून दिलं. सगळ्यात जास्त बदाम त्यालाच.

डोकं फिरलं माझं. ग्रुपवर भांडत बसण्यापेक्षा इथे लिहिते. लांबणार आहे.

मुलाचं खरं नाव सांगणार नाही, वर्गातलं सांगते. पिझ्झा. हाग्वनमध्ये पोरांना एक इंग्रजी नाव घ्यायला लावतात. बाकीचे केविन, डॅनियल, एमा. हा म्हणाला, मी पिझ्झा. संचालकबाईंनी किती समजावलं, पठ्ठ्या बधला नाही. मला तो तिथेच आवडला, खोटं कशाला बोलू.

आणि त्रास? विचारू नका. डिक्टेशन चालू असताना खोडरबराचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि पुढच्या मुलीच्या हुडीच्या टोपीत एकेक सोडायचे. इतक्या मन लावून की तेवढं मन स्पेलिंगमध्ये घातलं असतं तर पहिला आला असता. खुर्ची मागच्या दोन पायांवर. उत्तर येत असलं तरी मुद्दाम कोरियनमध्ये बोंब ठोकणार. आणि माझ्याशी सरळ अरे-तुरे! कोरियनमध्ये शिक्षकांशी असं बोलणं म्हणजे आपल्याकडे हेडमास्तरांना "ए, इकडे ये" म्हणण्यातला प्रकार. परदेशी बाईला काय कळतंय, हा त्याचा हिशेब. एक दिवस मी अगदी शांतपणे, राजदूताशी बोलावं तशा आदरार्थी कोरियनमध्ये म्हटलं, "पिझ्झासाहेब, आपण कृपया बसून घ्याल का?" अख्खा वर्ग फुटला. तोही हसला, कान लालबुंद. अरे-तुरे बंद. ना छडी, ना आईला फोन.

छडीवरून आठवलं. कोरियातल्या शाळांत २०११ पासून मारायला बंदी आहे. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आहेच. तरी आपल्या लोकांना गुरुजींच्या छडीचे उमाळे येतात. ज्यांना येतात त्यांची स्वतःची मुलं इंटरनॅशनल स्कूलमध्ये, आणि तिथे टीचरने नुसता आवाज चढवला तरी हेच मेल करणार. असो.

दुसरी टोळी "प्रेमाने घे गं" वाल्यांची. त्यांनाही नमस्कार. साठ मिनिटांचा तास, बारा पोरं, महिन्याअखेर लेव्हल टेस्ट. प्रेम कुठल्या मिनिटात बसवू?

हे मान्य की बाकीच्या अकरा जणांच्या आईबापांनीही फी भरलेली असते. आणि इथल्या शाळांतल्या शिक्षकांचे हाल मी बघितलेत. जुलै २०२३ मध्ये सोलच्या सोई प्राथमिक शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने शाळेतच जीव दिला. त्यानंतर काळे कपडे घालून शिक्षक आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर बसत होते. वर्गात मुलाला रागावलं तरी पालक मानसिक छळाची तक्रार ठोकतात, हे त्यांचं दुखणं. सप्टेंबरात कायदे बदलले. बरंच झालं.

पण ते शाळांचं. हाग्वन हा धंदा आहे. २०२४ साली इथल्या पालकांनी शाळेतल्या मुलांच्या खासगी शिकवण्यांवर २९ लाख कोटी वॉन ओतले. त्यातल्या दोघी-तिघी आयांचे काकाओटॉकवर (इथलं व्हॉट्सॲप) मेसेज आले, संचालकबाईंनी कॅल्क्युलेटर काढला, पिझ्झा बाहेर. मला विचारलंही नाही. मला कोण विचारणार म्हणा! इथे इंग्रजी शिकवायचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या लोकांना मिळतो, त्यात भारत नाही. मी कायम वास्तव्याच्या कार्डावर शिकवते आणि पालकांना माझी ओळख 'ग्लोबल टीचर' अशी करून देतात. हसा.

आता जरा त्या पोराचा दिवस बघा. सकाळी शाळा. तिथून तायक्वांदोची पिवळी व्हॅन. मग गणिताचा हाग्वन. मग मी, संध्याकाळी सात वाजता. जेवण म्हणजे दुकानातला तिकोनी किम्बाप (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात), तोही व्हॅनमध्ये. वर्गात शिरायचा तेव्हा ओठाला त्या शेवाळाचा काळा तुकडा चिकटलेला असायचा आणि डोळे अर्धे मिटलेले. झोप आली की हा पसरत नाही, उधळतो. आमच्या ग्योंगी प्रांतात रात्री दहानंतर हाग्वन चालवता येत नाहीत. कायदा करावा लागला, यातच काय ते समजा. दहा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी सात वाजता, चौथ्या ठिकाणी, परक्या भाषेत हाताची घडी घालून बसायचं. मी तर नसते बसले. तुम्ही ऑफिसच्या चारच्या मीटिंगमध्ये काय करता ते मला माहीत आहे.

आणि चिडचिड याची होतेय की तो रुळत होता! त्याला मी वेळ बघायचं काम दिलं होतं. हातात टायमर, "टू मिनिट्स!" अशी आरोळी, तीही इंग्रजीत, कुणी न सांगता. भांडण झालं की कावी-बावी-बो, म्हणजे त्यांचं दगड-कागद-कात्री. त्याचा निकाल कोरियन पोरं निमूट मानतात, माझा मानत नाहीत. हरला की पिझ्झा गुपचूप जागेवर. हुडीवाली मुलगी शेवटी शेवटी स्वतःच त्याला खोडरबर देत होती. तक्रार तिच्या आईची होती, तिची नव्हती.

मघाशी त्याच्या आईचा मेसेज आला. ओरडा नाही, आरोप नाही. दुसरीकडे घालतेय, तिथल्या टीचरना काय सांगू, एवढंच. मी लिहून ठेवलंय: भिंतीकडेला बसवा, मागे कुणी नको. पहिली पाच मिनिटं काही विचारू नका, पाणी पिऊ द्या. टायमर त्याच्याकडे द्या. चारचौघांत वाद घालू नका, तो जिंकतो. पिझ्झा म्हणा, केविन म्हणू नका. उद्या शेजारच्या आजींकडून कोरियन तपासून घेते आणि पाठवते.