एका युरोपियमवर अख्ख्या अ‍ॅरेचं कॅलिब्रेशन होत नाही

गॅमा किरण मोजणाऱ्या, एकत्र मांडलेल्या जर्मेनियम डिटेक्टरांच्या अ‍ॅरेवर नव्याने काम करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: 'युरोपियम-१५२चा स्रोत मधोमध ठेवा, तासभर डेटा घ्या, वक्र बसवा. एकदा केलं की झालं. उरलेलं सिम्युलेशन सांभाळेल.' वक्र म्हणजे कोणत्या ऊर्जेच्या गॅमांपैकी किती डिटेक्टर पकडतो, म्हणजे त्याची कार्यक्षमता किती, याचा आलेख. सल्ला सोपा आहे म्हणून तो हातोहात पुढे जातो. मला मात्र तो सल्ला घातक वाटतो, कारण त्यातली चूक आलेखावर चटकन दिसत नाही.

पहिला दावा, एकच स्रोत पुरतो. युरोपियमला १२१.८ पासून १४०८ केईव्हीपर्यंत (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) भरपूर रेषा, म्हणजे ठराविक ऊर्जेचे गॅमा, आहेत, हे खरं. पण त्या सुट्या येत नाहीत. १४०८चा गॅमा निघाला की पाठोपाठ १२१.८चा निघतो, आणि दोन्ही एकाच क्रिस्टलमध्ये शिरले तर क्रिस्टलला ते वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्ही पीकमधली (आलेखावर त्या त्या ऊर्जेपाशी उमटणाऱ्या शिखरांतली) एकेक मोजणी जाते आणि १५३०च्या आसपास बेरीज उमटते. दुसऱ्याने सगळी ऊर्जा आत सोडायलाही नको. कॉम्प्टन विखुरणात थोडी सोडून तो बाहेर पडला, तरी पहिल्याची मोजणी पीकमधून हलते. म्हणून ही दुरुस्ती करताना पीकची नव्हे, एकूण कार्यक्षमता (थोडीही ऊर्जा सोडणारे सगळे गॅमा धरून) लागते. क्लोव्हरला, म्हणजे चार क्रिस्टलच्या डिटेक्टरला, अ‍ॅडबॅक लावला, म्हणजे चारांतल्या ऊर्जांची बेरीज घेतली, की चार क्रिस्टल मिळून एक डिटेक्टर होतो, आणि हा तोटा साधारण चौपट होतो. मी एकदा आठवडाभर वक्रासाठी वापरलेल्या बहुपदीची घात बदलत बसलो होतो, कारण १२१.८चा बिंदू वक्राखालीच पडायचा. शेवटी एक डिटेक्टर मागे सरकवून मोजलं, तेव्हा तो बिंदू वक्रावर आला. दोष बहुपदीत नव्हताच.

१४०८च्या पुढे तोच वक्र लांबवायचा, हे तर नकोच. जिथे बिंदू नाहीत तिथे बहुपदी कुठेही वळते. त्यासाठी कोबाल्ट-५६चा स्रोत घ्यावा, त्याच्या ठळक रेषा ३२५३ केईव्हीपर्यंत जातात. अर्धायुष्य सुमारे ७७ दिवस, म्हणून स्रोत ताजा हवा, एवढीच अडचण.

'एकदा केलं की झालं'? वर्षभरात युरोपियमची सक्रियता सुमारे ५ टक्के घटते, ते गणितात धरता येतं. पण मध्येच एक क्रिस्टल बंद पडला, समोर शोषक पत्रा लावला, डेड टाइम (आधीची नोंद चालू असताना नवी घेता न येणारा वेळ) वाढला, की जुना वक्र त्या मांडणीचा राहत नाही.

सिम्युलेशन मीही वापरतो. पण पी-प्रकारच्या क्रिस्टलवरचा लिथियमचा मृत थर (त्यात सोडलेली ऊर्जा मोजली जात नाही) डिटेक्टर वर्षानुवर्षं सामान्य तापमानाला राहिला तर जाड होत जातो. उत्पादकाच्या कागदावरचा आकडा तसाच घातला तर कमी ऊर्जेकडे कार्यक्षमता फुगलेली दिसते. आधी मोजलेल्या बिंदूंशी जुळवावं, मगच मधल्या जागा भराव्यात.

अ‍ॅरे हाताशी असताना मला सर्वांत भरवशाची वाटते ती सहघटना पद्धत, म्हणजे पाठोपाठ निघणारे दोन गॅमा दोन डिटेक्टरांत एकत्र मोजणं. कोबाल्ट-६०मधून ११७३ आणि १३३२ केईव्हीचे गॅमा असेच जोडीने निघतात. कोबाल्ट-६०च्या ११७३वर एका डिटेक्टरमध्ये गेट लावायचा (फक्त त्या ऊर्जेच्या नोंदी निवडायच्या), पार्श्वभूमी वजा करायची आणि दुसऱ्यात १३३२ किती दिसतात ते मोजायचं. त्या मोजणीला गेटच्या मोजणीने भागलं की दुसऱ्याची कार्यक्षमता मिळते. स्रोताची सक्रियता माहीत असण्याची गरजच पडत नाही. फक्त कोनीय सहसंबंध विसरू नये. ही जोडी ९० अंशांपेक्षा १८० अंशांवर सापडण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असते, आणि ते धरलं नाही तर समोरासमोरचे डिटेक्टर उगाच सरस ठरतात.