ग्रेन म्हणजे घाण नव्हे

परवा एका जवळच्या मित्राशी फोनवर पाऊण तास वाद झाला. कशावरून, तर एका जुन्या सिनेमाची नवी फोर-के, म्हणजे जास्त बारीक चित्राची, डिस्क आलीय त्यावरून. तो म्हणाला, अगं एवढी हौसेनं घेतली, एवढा मोठा टीव्ही, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या वळवळतायत, हे कसलं रिस्टोरेशन, मी परत करतोय. मी म्हटलं अरे थांब, परत करू नकोस, त्या मुंग्या नाहीयेत, तो ग्रेन आहे, फिल्मचे बारीक कण, तो सिनेमाच आहे. नाही पटलं त्याला. मलाही फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून आता इथे नीट लिहितेय, लांबण लागली तर लागू दे.

जुने सिनेमे फिल्मवर शूट झालेत हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, पण फिल्मवर चित्र उमटतं कसं हे बरेचदा डोक्यात नसतं. त्या पट्टीवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण पसरलेले असतात, प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि फिल्म धुतल्यावर त्याच कणांमधून चित्र तयार होतं. रंगीत फिल्म असेल तर शेवटी चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे इवलेसे ठिपके उरतात. म्हणजे खाली एक स्वच्छ चित्र आहे आणि त्यावर ग्रेन नावाचा थर साचलाय असं काही नसतंच! चित्र ग्रेनचंच बनलेलं असतं. कापडातले धागे काढून घेतले तर खाली गुळगुळीत कापड सापडत नाही, कापडच संपतं, तसं आहे हे. आणि प्रत्येक फ्रेमवर हे कण वेगळ्या जागी असतात, सेकंदाला २४ फ्रेम पळतात, म्हणून ते हलताना दिसतात. रात्रीचे सीन, कमी उजेडातले सीन जास्त संवेदनशील फिल्मवर घेतात, तिचे कण मोठे, म्हणून तिथे ग्रेन जास्त. हे सगळं सिनेमॅटोग्राफरला ठाऊक असायचं, फिल्म कुठली वापरायची हे तो निवडायचा.

आता नव्या डिस्कसाठी हा ग्रेन पुसणारं सॉफ्टवेअर काय करतं, तर शेजारशेजारच्या फ्रेम ताडून बघतं आणि जे जुळत नाही ते काढून टाकतं. ऐकायला छान वाटतं. पण ग्रेनच्याच आकाराचं चित्रात अजून काय काय असतं बघा, त्वचेवरची छिद्रं, दाढीचे खुंट, स्वेटरची वीण, लांबच्या झाडाची पानं, भुरभुर पाऊस. जोर लावून पुसलं की ग्रेनच्या पाठोपाठ हेही जातं, चेहरे मेणाचे होतात, आणि मग गेलेली बारकाई भरून काढायला वरून कृत्रिम शार्पनिंग मारतात, त्यानं प्रत्येक कडेला पांढरी रेघ येते. एकदा ती रेघ दिसायला लागली ना की मग दुसरं काही दिसतच नाही.

माझ्याकडे एका सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत, नाव मुद्दाम घेत नाही. एक जुनी साधी ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची डिस्क, आणि एक नंतर आलेली, कव्हरवर मोठ्या अक्षरात नव्यानं रिस्टोर केलंय असं लिहिलेली. त्यात शेवटाकडे नायिकेचा एक क्लोजअप आहे, रडून झालंय, आता ती फक्त खिडकीबाहेर बघतेय, संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. जुन्या डिस्कवर तिच्या डाव्या गालावर अश्रू सुकल्याची एक फिकट रेघ आहे, डोळ्याखालून निघून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आलेली, त्वचा तिथे किंचित ताणल्यासारखी दिसते. नव्या डिस्कवर तीच फ्रेम थांबवली, तर रेघ नाही. गाल तुकतुकीत. मी मागेपुढे करून चारपाच वेळा बघितलं, दिवे बंद करून पडद्याजवळ जाऊन बघितलं, नाहीच. त्या बाईनं तो सीन करताना जे काही दिलं असेल, मेकअपवाल्यानं, प्रकाशयोजना करणाऱ्यानं त्या रेघेसाठी जी मेहनत घेतली असेल, ती एका सेटिंगनं पुसली गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ज्यांनी नवीनच डिस्क बघितली त्यांच्यासाठी ती रेघ कधी नव्हतीच. मला तेव्हा खरंच गलबलून आलं होतं, आणि तेव्हापासून मी या विषयावर एवढी हट्टी झालेय.

हे माझ्या एकटीचं खूळ नाहीये. २००० सालच्या 'ग्लॅडिएटर'ची पहिली ब्लू-रे २००९ मधे आली, तिच्यात सुरुवातीच्या लढाईत काही फ्रेममधले उडते बाणच गायब झाले होते, म्हणजे धूळ काढणाऱ्या सॉफ्टवेअरला बाण ही धूळ वाटली. लोकांनी फ्रेम शेजारी शेजारी लावून दाखवल्या, ओरडा केला, आणि २०१० मधे दुरुस्त आवृत्ती आली. 'प्रेडेटर'चंही तसंच, मूळ सिनेमा १९८७ चा, जंगलात शूट केलेला, खरखरीत, घामेजलेला. २०१० च्या ब्लू-रेवर सगळे सैनिक पुतळ्यांसारखे चकचकीत, आणि आजही मेणाचा चेहरा म्हटलं की डिस्कवाले लोक त्याचंच उदाहरण देतात.

मग मित्र म्हणाला, पण दिग्दर्शकालाच तसं हवं असेल तर? हा प्रश्न बरोबर आहे आणि अवघड आहे. 'द फ्रेंच कनेक्शन'चं घ्या, १९७१ चा सिनेमा. २००९ च्या ब्लू-रेसाठी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिननं स्वतः बसून रंग बदलले, थंड, फिकट, कडेनं पसरलेले. तर ज्यानं तो सिनेमा शूट केला तो ओवेन रोइझमन उघडपणे म्हणाला की हे माझं काम नाही, मला विचारलंसुद्धा नाही. मग २०१२ मधे दोघांनी मिळून नवीन ट्रान्सफर केलं, म्हणजे फिल्मवरून डिस्कसाठी नवी प्रत काढली, आणि रंग पुन्हा जागेवर आले. म्हणजे दिग्दर्शकानं स्वतः सही केलीय, एवढ्यानं भागत नाही. सिनेमा अनेकांनी मिळून केलेला असतो, आणि लोकांनी तो ज्या रूपात पाहिलेला असतो त्या रूपावर त्या लोकांचाही थोडा हक्क असतो असं मला मनापासून वाटतं. २०२४ मधे जेम्स कॅमेरॉनचे तीन जुने सिनेमे फोर-के डिस्कवर आले, मशीन लर्निंगनं साफ करून, त्याच्या पसंतीनं. 'द अबिस' तर तोवर ब्लू-रेवरही आला नव्हता, त्यामुळे आनंदही झाला. पण 'ट्रू लाइज' बघताना चेहरे मला कुठेतरी भलतेच वाटत राहिले, पुसले आणि वर परत काढल्यासारखे. नुसतं पुसणं एकवेळ परवडलं, तिथे काहीतरी गेलंय हे कळतं तरी. यंत्रानं अंदाजानं भरलेली बारकाई खरी वाटते आणि खरी नसते, त्याची मला जास्त भीती वाटते.

नीट काम कसं असतं तेही सांगते, नाहीतर नुसतीच तक्रार होईल. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या पहिल्या फिल्म, १९९३ मधे लंडनच्या लॅबला आग लागली त्यात होरपळल्या. जळालेले, ठिसूळ झालेले, एकमेकांना चिकटलेले रोल. कुणीही म्हटलं असतं फेकून द्या, पण ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या आर्काइव्हनं ते जपून ठेवले. मग वीस वर्षांनी जुन्या सिनेमांच्या डिस्क काढणारी क्रायटेरियन कंपनी आणि इटलीतल्या बोलोन्याची लॅब यांनी ते हातात घेतले, फिल्मला पुन्हा ओलावा देऊन मऊ केलं, चिकटपट्टीचे जुने डाग, फाटलेल्या कडा, तुटलेली भोकं हातानं दुरुस्त केली, जवळपास हजार तास हाताचं काम. 'पथेर पांचाली'चा साधारण ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हमधून मिळाला, बाकी दुसऱ्या प्रतींमधून घेतलं. २०१५ मधे ते लोकांसमोर आलं. बघा कधी, ग्रेन आहे, भरपूर आहे, पण ओरखडे नाहीत, चित्र थरथरत नाही, आणि चेहरे माणसांचे आहेत.

आणि 'मेट्रोपोलिस'! १९२७ चा मूकपट, कापून कापून छोटा केलेला, आणि २००८ मधे ब्यूनस आयर्समधे त्याची जवळपास पूर्ण प्रत सापडली, १६ मिलिमीटरवर उतरवलेली, ओरखड्यांनी भरलेली. त्यातला साधारण २५ मिनिटांचा हरवलेला भाग २०१० च्या आवृत्तीत जोडला. तो भाग सुरू झाला की लगेच कळतं, चित्राचा आकार बदलतो, उभ्या रेघा पडतात. त्यांनी ते लपवलं नाही, जेवढं साफ होण्यासारखं होतं तेवढं केलं, पुढे जाऊन अंदाजानं काही रंगवलं नाही. मला ते ओरखडे फार आवडतात, कारण ते खरं सांगतात की हा भाग असा वाचलाय.

आवाजाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून तेही. सिनेमा मोनोत, म्हणजे एकाच ट्रॅकवर, मिक्स झालेला असेल तर डिस्कवर तो मोनो ट्रॅक पाहिजेच, वर हवं तर नवीन फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, द्या. १९५८ चा 'व्हर्टिगो' १९९६ मधे रिस्टोर केला तेव्हा पावलांचे, दारांचे, गोळ्यांचे आवाज नव्यानं रेकॉर्ड करून घातले, त्यावरून किती वाद झाले. मी ऐकलंय ते, काही ठिकाणी आवाज चित्राच्या काळातला वाटतच नाही. आणि जिथे टीव्हीची 'पाल' नावाची पद्धत होती त्या देशांतल्या जुन्या डीव्हीडीवर तर २४ फ्रेमचा सिनेमा २५ नं पळवायचे, म्हणजे दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं लवकर संपायचा आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढे. ज्यांनी तीच डिस्क पन्नास वेळा पाहिलीय त्यांना आता बरोबर वेगाची ब्लू-रे संथ वाटते, सवयीचा परिणाम.

चौकटीचा प्रश्न सुदैवानं बराच सुटलाय. रुंद सिनेमा चौकोनी टीव्हीसाठी कापायचे तेव्हा चित्राचा ४० टक्क्यांहून जास्त भाग उडायचा, दोन माणसं बोलतायत आणि दिसतंय एकच. तेव्हाही लोक म्हणायचे वरखालच्या काळ्या पट्ट्या नकोत, पैसे भरून अर्धाच टीव्ही भरतोय. समजावून समजावून आता ते कुणी म्हणत नाही. ग्रेनचंही तसंच होईल अशी मला आशा आहे.

बरं, मित्राची बाजूही थोडी खरी असू शकते हे मान्य करते. डिस्कवर सिनेमा दाबून कमी जागेत बसवला असेल तर ग्रेनचे चौकोनी गोळे होतात आणि ते खरंच मुंग्यांसारखे दिसतात, तो दोष एन्कोडिंगचा, म्हणजे या दाबून बसवण्याचा. फोर-के डिस्कला सेकंदाला १०० मेगाबिटच्या पुढेही जाता येतं, स्ट्रीमिंगला बहुतेकदा त्याच्या पाव हिश्श्यात भागवावं लागतं, म्हणून तिथे ग्रेन हमखास विरघळतो किंवा फुटतो. आणि टीव्हीचं शार्पनेस वर चढवलेलं असेल तर साधा ग्रेनही काट्यासारखा टोचतो. आधी शार्पनेस खाली आणा, हालचाल गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा, सिनेमा जसाच्या तसा दाखवणारा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, आणि तीनचार हात मागे बसून पंधरा मिनिटं बघा. डोळा सरावतो.

माझं मागणं मोठं नाहीये. कव्हरवर नवीन मास्टर (म्हणजे जिच्यावरून डिस्क काढतात ती प्रत) एवढंच न लिहिता स्कॅन कशावरून केलाय ते लिहा, मूळ निगेटिव्ह की नंतरची प्रत. रंग कुणी ठरवले ते लिहा. मूळ आवाज द्या. आणि मूळ कट, म्हणजे सिनेमा पहिल्यांदा लागला तसा, द्या, बदललेला कट द्यायचा तर शेजारी द्या, मूळ कपाटात बंद करून नको. १९७७ चा 'स्टार वॉर्स' जसा तेव्हा थिएटरला लागला तसा अधिकृत डिस्कवर शेवटचा आला तो २००६ मधे, डीव्हीडीच्या बोनस डिस्कवर, डीव्हीडीच्याही आधीच्या लेझरडिस्कच्या जुन्या मास्टरवरून, एवढ्या मोठ्या सिनेमाची ही गत. म्हणून म्हणते, नवीन आवृत्ती घेतली की जुनी लगेच देऊन टाकू नका, आधी दोन्ही लावून बघा. माझी ती जुनी ब्लू-रे अजून कपाटात आहे आणि राहणार आहे, त्या गालावरच्या रेघेसाठी.

मित्रानं डिस्क अजून परत केलेली नाही, काल विचारलं. रविवारी त्याच्याकडे जातेय, टीव्हीची सेटिंग मी करणार, आणि दुसऱ्या रीळमधला रात्रीचा पावसाचा सीन लावणार, दिव्याखाली थेंब एकेक वेगळा दिसतो तो.