गाडीच्या मागच्या सीटवरून बँडपर्यंत

घरी एकट्याने रेकॉर्डिंग करणारा कलाकार पुढे बँड उभा करतो, तेव्हा आवाज स्वच्छ झाला पण गाण्यातला जीव गेला, अशी हळहळ त्याचे जुने चाहते हमखास व्यक्त करतात. ती हळहळ मी समजू शकतो, परंतु मला ती पटत नाही, आणि न पटण्याचे कारण म्हणजे 'कार सीट हेडरेस्ट' हा अमेरिकी बँड.

विल टोलेडो या तरुणाने २०१० मध्ये व्हर्जिनियात हे काम एकट्यानेच सुरू केले. मोकळेपणाने गाता यावे म्हणून तो घरच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गाणे रेकॉर्ड करत असे. नाव तिथूनच आले. पहिल्या काही अल्बमना त्याने नावांऐवजी नुसते आकडे दिले आणि ते स्वतःच बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांना आपले संगीत थेट श्रोत्यांपुढे ठेवता येते अशा संकेतस्थळावर, ठेवले. पुढे तो सिएटलच्या परिसरात राहायला गेला, तिथे अँड्र्यू कॅट्झसारखा ड्रमर भेटला, २०१५ मध्ये मॅटाडोर या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला.

एकट्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एकावर एक ट्रॅक चढवावे लागतात. ड्रम आधी वाजवून ठेवले, की नंतर गाताना एखाद्या ओळीवर थबकावेसे वाटले तरी ड्रम थांबत नाहीत, कारण ते वाजवणारा हात तिथे नसतोच. बँडमध्ये मात्र गायकाने श्वास घेतला की ड्रमर त्याच्याकडे पाहतो आणि पुढचा ठोका किंचित उशिरा, पण दुप्पट जोराने देतो. हा फरक महागड्या माइकमुळे पडत नाही, तो माणसांमुळे पडतो.

'ट्विन फँटसी' या अल्बममध्ये हे स्पष्ट ऐकू येते. टोलेडोने तो २०११ मध्ये एकट्याने केला आणि २०१८ मध्ये बँडसह पहिल्यापासून पुन्हा रेकॉर्ड केला. जुन्या आवृत्तीत त्याचा आवाज खरखरीत बुडालेला आहे. शब्द कळायला कान देऊन ऐकावे लागते, आणि कोणाची तरी खासगी वही हाती लागल्याचा संकोच वाटतो. नव्या आवृत्तीत तेच शब्द समोर येऊन उभे राहतात. 'फेमस प्रॉफेट्स' हे गाणे आधी साधारण दहा मिनिटांचे होते, ते सोळा मिनिटांवर गेले. कारण शांत जागा लांबवण्याची आणि तिथून पुन्हा उसळण्याची ताकद आता चौघांच्या हातांत होती. माझ्या मते हे गाणे नव्या रूपातच पूर्ण झाले आहे. अल्बमच्या सुरुवातीची काही मिनिटे मात्र मला आजही जुनीच अधिक भिडतात, आणि म्हणूनच टोलेडोने जुनी आवृत्ती काढून न टाकता दोन्ही श्रोत्यांपुढे ठेवल्या, याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

खरी कसोटी लागते ती साथीदारांना निर्णयाचा किती अधिकार मिळतो, यावर. एकट्याने ठरवलेले सूर जसेच्या तसे वाजवण्यापुरतेच लोक गोळा केले, तर मंचावर चार जण दिसतील, पण संगीत एकाचेच राहील. 'कार सीट हेडरेस्ट'चा २०२५ मधील 'द स्कॉलर्स' हा अल्बम चौघांनी मिळून घडवला आहे. ज्याने कधीकाळी कोणी ऐकू नये म्हणून गाडीचा आडोसा घेतला, त्याने अर्धवट गाणी इतर तिघांपुढे मांडून त्यांना त्यात फेरफार करू द्यावेत, ही गोष्ट माझ्या लेखी करारापेक्षा आणि स्टुडिओपेक्षा कितीतरी मोठी आहे.