पाणी न पिता बाजारात

दसऱ्याला आमच्या गावात पहिला मॉल उघडला. गाव आपलं सवयीने म्हणायचं, एरवी जिल्ह्याचं ठिकाण. सरकत्या जिन्यापाशी दोन मुली खास उभ्या केल्या होत्या, नऊवारीतल्या बायकांचा हात धरून त्यांना पहिल्या पायरीवर चढवायला. अमेरिकेत क्लीव्हलँडजवळच्या माझ्या घरी रात्री दीड वाजता जागून मी तो व्हिडिओ पाहिला. तोवर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली होती. चुलतभाऊ म्हणतो, आता खरेदीला पुण्याला पळायला नको आणि गावातल्या पोरांना काम मिळालं. काकांचं पेठेत कापडाचं दुकान. ते म्हणतात, दोन वर्षांत पेठ ओस पडेल. व्यापाऱ्यांनी एक दिवस बंदही पाळला. शेवटी काकांनी मलाच विचारलं, "तू तिकडे बघतोयस, तू सांग."

बघतोय खरं. इथून जवळच ॲक्रन आहे. तिथे मेन स्ट्रीटवर पोल्स्की आणि ओ'नील अशी दोन मोठी दुकानं समोरासमोर होती. १९७५ साली शहराच्या कडेला रोलिंग एकर्स मॉल उघडला. पोल्स्की १९७८ मध्ये बंद पडलं, ओ'नील १९८९ मध्ये. पुढे २००८ मध्ये तो मॉलही बंद झाला. फुटक्या छतातून आत, थांबलेल्या सरकत्या जिन्यावर बर्फ साचायचा. आता सगळं पाडून तिथे ॲमेझॉनचं गोदाम उभं आहे. क्लीव्हलँडजवळच्या रँडल पार्क मॉलचीही तीच गत.

म्हणजे काकांचंच बरोबर, असं मी लिहायलाही घेतलं होतं. तेवढ्यात आईचा फोन आला. शेजारच्या काकूंबरोबर ती मॉल बघून आली होती. एक आइस्क्रीम घेतलं आणि तीन तास बसली. "बाथरूम इतकं स्वच्छ आहे रे," ती म्हणाली. "पेठेत जायचं तर मी सकाळपासून पाणी पीत नाही."

आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिला शुगर आहे. माझं सगळं लहानपण तिचं बोट धरून पेठेत गेलं, आणि ती तहान मारून चालत होती हे मला आज कळलं. काकांच्या दुकानात गादीवर बसवून साड्या दाखवतात, चहा पाजतात, पण संडास मागच्या बोळात, गड्यांपुरता. गिऱ्हाईक बाई तिथे जाणार कशी?

व्हिक्टर ग्रुएन नावाचा वास्तुरचनाकार मूळचा व्हिएन्नाचा. १९५६ साली मिनियापोलिसजवळ इडायनात त्याने साउथडेल बांधला. अमेरिकेतला हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल. गाडीशिवाय पाऊल न टाकणाऱ्या उपनगरातल्या लोकांना हक्काचा चौक मिळावा, म्हणून त्याच्या आराखड्यात भोवती घरं, शाळा, दवाखाने, तळंसुद्धा होतं. दुकानं आणि पार्किंग झालं, बाकीचं बहुतेक कागदावर राहिलं. उतारवयात त्याने अशा मॉलांशी असलेलं आपलं नातंच नाकारलं.

काका, त्याला जे बांधता आलं नाही ते आपल्या पेठेत आहे. वर बिऱ्हाडं, खाली दुकानं, मधे देऊळ, कोपऱ्यावर शाळा. घरातून चालत निघालं की दहा मिनिटांत बाजार. ॲक्रनचे लोक मेन स्ट्रीट सोडून गाडीने निघून गेले, आपली माणसं अजून पेठेतच राहतात. नाही ते एवढंच: टेकायला बाक, उन्हात सावली, बायकांना जाता येईल असा संडास. यातलं काहीच मॉलवाल्याने शोधून काढलेलं नाही. तुमच्या बंदची मागणी मॉलला परवानगी नको अशी होती. ती मला चुकीची वाटते. पेठेत दर दोनशे पावलांवर स्वच्छतागृह हवं, तिथे दिवसभर बाई कामाला हवी, यासाठी बंद करा. माझी आई पहिल्या रांगेत येऊन बसेल.

काकांना हे सगळं कळवलं आहे. सुरुवात मागच्या बोळातल्या संडासापासून करू. फरशी, नळ, दिवा आणि आतून लागणारी कडी, सगळा खर्च माझा.