एकटेपणा घालवायचाय? आधी फॉर्म भरा

परवा सर्जरीतून फोन आला. (इथे इंग्लंडात दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात. सकाळी आठला फोन लावून 'तुमचा रांगेत तेविसावा नंबर आहे' ऐकलं, की कापाकापी झाल्यासारखं वाटतंच.) मला वाटलं, शेजारच्या काकूंचा रिपोर्ट आला असेल. तर पलीकडून गोड आवाज: "तुमच्या घरी दर मंगळवारी वयस्कर बायका जमतात असं कळलं. सोशल प्रिस्क्रायबिंगच्या आमच्या यादीत तुमचं नाव घालू का? पाठवायला माणसं खूप आहेत हो, गटच उरले नाहीत."

(सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणजे डॉक्टरांनी गोळीऐवजी माणसांत मिसळायची चिठ्ठी देणं: चालण्याचा गट, विणकाम, असलं काही.) फोन ठेवेपर्यंत चहा उतू गेला होता. ओटा पुसता पुसता ठरवलं, की समाजस्वास्थ्याचं सरकारी धोरण कसं चालवतात ते लोकांना शिकवायला हवं. उद्या तुम्हाला लंडनहून बोलावणं आलंच, तर निदान तयारी असावी.

सगळ्यात आधी मंत्री नेमा. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ट्रेसी क्राउच यांच्याकडे एकटेपणाचं काम सोपवलं, तेव्हा जगभर कौतुक झालं. ऑक्टोबरात धोरण जाहीर झालं आणि नोव्हेंबरात बाईंनी राजीनामा दिला, तोही जुगाराच्या मशीनांवरचे निर्बंध लांबले म्हणून. एकटेपणाला मंत्र्याचीही सोबत वर्षभर पुरली नाही. पण बातमी झाली ना? मग झालं तर.

मग आकडा सांगा. जानेवारी 2019 च्या एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दीर्घकालीन आराखड्यात दोन आकडे होते: दोनेक वर्षांत हजारावर लिंक वर्कर (डॉक्टरांनी पाठवलेल्या माणसाला असा गट शोधून देणारे) नेमायचे आणि 2023-24 पर्यंत नऊ लाखांवर माणसं त्यांच्याकडे पाठवायची. 'पाठवायची' हा शब्द नीट बघून ठेवा. ती कुठे पोचायची, हे लिहायचं नसतं.

हिरवा रंग वापरा. सरकारने सात ठिकाणी 57.7 लाख पौंड खर्चून माणसांना निसर्गाकडे पाठवायचा प्रयोग केला. झाडं तक्रार करत नाहीत.

परिषद भरवा. सँडविच बरी असू द्या.

आता प्रश्न विचारायची कला. 'तुम्हाला काय होतंय?' हे जुनं झालं. 'तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे?' असं विचारायचं. आमच्या काकूंना हाच विचारला. काकू 1976 साली सांगलीहून काकांच्या नोकरीमागे इथे आल्या, आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, काकांना जाऊन दोन वर्षं झाली. रात्री झोप नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्या होत्या, त्यांनी लिंक वर्करकडे पाठवलं. मी दुभाषी म्हणून बसले होते. काकूंनी प्रश्न ऐकला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हे."

'हे'चं भाषांतर काय करणार? मी "माय हजबंड" म्हटलं. लिंक वर्कर पोरीने हळहळून मान हलवली आणि एका चौकोनात बरोबरची खूण केली. मग शून्य ते दहाचा तक्ता आला. काल तुम्ही किती आनंदी होतात? काकू म्हणाल्या, "काल सोमवार ना? कपडे धुतले." पाच लिहिले.

ती पोरगी चांगली होती हो. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. तिने जीव तोडून यादी काढली. पहिला होता चालण्याचा गट, सकाळी साडेनऊला, तलावाकाठी. ज्येष्ठांचा फुकट बसपास साडेनऊपासून लागू होतो. म्हणजे नऊच्या बसला तिकीट काढा, किंवा गट तलावाला अर्धी चक्कर मारून आला की पोचा. दुसरा विणकामाचा गट, लायब्ररीत. ती लायब्ररी आता स्वयंसेवक चालवतात, आठवड्यात दोन दुपारी, स्वयंसेवकाला सर्दी नसेल तर. तिसरा मात्र लागू पडला! मंगळवारी कम्युनिटी हॉलमध्ये चौदा बायका. गुजराती, पंजाबी, एक जमैकाची, एक आयरिश आजी, जिला काकूंनी बेसनाचे लाडू वळायला बसवलं. हाऊझीचे आकडे काकू मराठीत ओरडायच्या आणि बाकीच्या बरोबर खोडायच्या. अडीच महिन्यांत काकू रात्री झोपायला लागल्या. गोळी नाही, काही नाही.

आणि मग पत्र आलं. पथदर्शी प्रकल्प 'यशस्वीरीत्या पूर्ण' झाला, सबब अनुदान संपलं. यशस्वी झाला म्हणून बंद! उद्या म्हणाल, पेशंटला इन्सुलिन लागू पडलंय, काढून घ्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा पगार एनएचएस देते. ते द्यायलाच हवं, पोटं त्यांनाही आहेत. पण चिठ्ठीवरचं औषध ज्या दुकानात मिळायचं, त्याचं भाडं कोण देणार? तर कुणीच नाही. 2010 पासून कौन्सिलांचे (म्हणजे इथल्या नगरपालिकांचे) पैसे कापलेत तुम्ही, लायब्रऱ्या गेल्या, तरुणांची केंद्रं गेली, बसचे मार्ग गेले. आणि आता जे मोडलं त्याचीच चिठ्ठी लिहून देताय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बरं, हे कसं करतात ते तुमच्याच देशात पाहायला मिळतं. पूर्व लंडनमध्ये ब्रोमली-बाय-बो इथल्या समाजकेंद्राची 1984 मध्ये एका मोडकळीला आलेल्या चर्चमधून सुरुवात झाली. आधी जागा, आधी माणसं. दवाखाना नंतर आला. आपल्या लोकांनी 1932 मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ काढलं, तेव्हा कोण लिंक वर्कर होता? तुम्ही मात्र दवाखान्यातून माणूस बाहेर काढता, दार लावता आणि म्हणता, 'समाज' तिकडे असेल, शोधा.

आता सूचना वगैरे पुरे झाल्या. धोरणवाल्या साहेबांनो, तुमच्याशीच बोलते. काकूंच्या केसवर 'पूर्ण' असा शिक्का मारलात. काय पूर्ण झालं? त्या पुन्हा रात्री तीनला खिडकीशी उभ्या दिसायला लागल्या, तेव्हा मी माझ्या बैठकीच्या खोलीतला सोफा सरकवला आणि हॉलमधल्या बायकांना बोलवायला लागले. सातच बायका मावतात. उरलेल्या सात कुठे आहेत, तुमच्या तक्त्यात बघा. त्या खोलीत माझी मुलगी अभ्यास करते, मंगळवारी ती जिन्यावर बसते. आणि ही खोली तुम्ही तुमच्या यादीत घालणार? तिचा आकडा वर दाखवणार? शरम वाटू द्या थोडी!

नाव घालू नका. माणसंही पाठवू नका. हॉल अजून तिथेच आहे, मंगळवारी रिकामाच असतो, किल्ली केअरटेकरकडे असते. भाडं ताशी 18 पौंड. दर मंगळवारी दोन तास, वर्षाचे 1,872 पौंड. एका परिषदेची सँडविचं कमी करा आणि भरा.